रंगीत मेटलची अक्षरं प्लास्टिकसारखी का दिसतात, आणि ती खरी कशी करायची

तुझा प्रश्न थोडक्यात असा की मंडळाच्या फ्लेक्सवर नावाची अक्षरं मोरपंखी निळ्या आणि लाल मेटलमध्ये पाहिजेत, फोटोशॉपमध्ये बेव्हल अँड एम्बॉस (अक्षराला उठाव देणारी लेयर स्टाइल) लावलंस, वर रंग बदलणारी ह्यू सॅच्युरेशनची लेयर क्लिप करून (म्हणजे फक्त खालच्या अक्षरालाच लागेल अशी बांधून) कलराइझ टिक केलंस, आणि दिसतंय मात्र प्लास्टिक. सोनेरी केलं तर नुसतं पिवळं आणि निळं केलं तर दुधाळ. ट्युटोरियलमधले आकडे जसेच्या तसे टाकले तरी तेच. मी मुख्यतः दागिन्यांचे फोटो रिटच करतो, कोल्हापूरच्या सराफ बाजारातली, म्हणजे गुजरीतली, आणि हुपरीच्या चांदीची कामं असतात, सीझनला फ्लेक्सची पण असतात, आणि हा प्रश्न नवीन पोरं सारखी विचारतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. आकडे पाठ करू नकोस, कारण समजून घे, मग कुठल्याही फॉन्टला कुठलाही रंग देता येतो.

आधी सॉफ्टवेअर बंद कर आणि घरात जा. तांब्याची कळशी किंवा लोटा असेल तर चिंच लावून लख्ख घास आणि खिडकीजवळ ठेव, शेजारी लाल प्लास्टिकची बादली किंवा मग ठेव. आता दोन्हींवर खिडकीचा उजेड जिथं चमकतोय तेवढाच भाग बघ. बादलीवरची चमक पांढरी आहे, बादली लाल असली तरी. कळशीवरची चमक मात्र गुलाबी-नारिंगी आहे. मोबाइलनं फोटो काढणार असशील तर त्या चमकेवर बोट ठेवून एक्सपोजर खाली ओढ, नाहीतर कॅमेरा तो भाग जाळून पांढरा करतो आणि मग फरकच दिसत नाही. दुसरी गोष्ट बघ, बादलीचा जो भाग चमकत नाही तो पण लालच दिसतो, पण कळशीचा जो भाग चमकत नाही तो जवळजवळ काळा-तपकिरी असतो, कारण तिथं समोरची काळोखी भिंत नाहीतर तुझा शर्ट दिसत असतो.

सगळं गणित एवढ्यातच आहे. प्लास्टिकवर समोरून पडलेल्या उजेडातला साधारण ४ टक्केच पृष्ठभागावरून आरशासारखा परत येतो, तो रंग न बदलता येतो म्हणून चमक पांढरी, बाकीचा उजेड आत शिरून रंग घेऊन सगळीकडं पसरतो. धातूत तसं पसरणं नसतंच. जे काय दिसतं ते सगळं प्रतिबिंब, आणि रंग त्या प्रतिबिंबालाच चढलेला असतो. चांदी ९५ टक्क्यांच्या वर उजेड परत देते आणि तिन्ही रंग जवळपास सारखे देते म्हणून ती पांढरी. तांबं लाल ९५ टक्क्यांच्या आसपास देतं, हिरवा ६४, निळा ५४. सोनं लाल जवळजवळ पूर्ण, हिरवा ७७ च्या आसपास आणि निळा फक्त ३४. म्हणजे मेटल करायचं तर आधी 'त्यात काय दिसतंय' ते रंगवायचं आणि मग त्या दिसण्याला रंग चढवायचा. तू उलटं करतोयस, आधी रंग आणि वर पांढरी चमक, आणि ती रेसिपी प्लास्टिकचीच आहे.

तुझ्या फाइलमध्ये अजून एक अडचण असणार. बेव्हलचा हायलाइट हा लेयर स्टाइलचा भाग असतो, तो मुळात पांढरा, स्क्रीन मोडमध्ये. तू ह्यू सॅच्युरेशन क्लिप केलंस तरी ते अक्षराच्या मूळ रंगावरच काम करतं, बेव्हलचा पांढरा त्याच्या वरच बसतो, त्याला रंग लागतच नाही. कडा पांढऱ्या राहतात त्याचं अर्धं कारण हे. म्हणून बेव्हल झालं की ती लेयर स्मार्ट ऑब्जेक्ट कर, राइट क्लिक केलं की मिळतं, मग अक्षर आणि बेव्हल मिळून एकच चित्र होतं आणि वर क्लिप केलेलं सगळं त्या अख्ख्या चित्रावर लागतं. आत काही बदलायचं असेल तर डबल क्लिक करून परत जाता येतं.

आता ग्रे मेटल. वेळ इथंच घालवायचा, रंग शेवटी दोन मिनिटांत होतो. डॉक्युमेंट १६ बिटमध्ये घे, याचं कारण पुढं येईल. फॉन्ट जाडा घे. मराठीत शिरोरेषा आणि दांडा जाड पण जोडाक्षराचा सांधा बारीक असं असतं, आणि बेव्हलची साइज सगळ्यात बारीक रेषेच्या निम्म्यापेक्षा जास्त झाली की तिथली दोन्ही उतार एकमेकांत घुसून अक्षर चेचल्यासारखं दिसतं, म्हणून साइज त्या बारीक भागावरून ठरव, जाड भागावरून नको. कोरलड्रॉमधून अक्षरं आणत असशील तर काना, वेलांटी, रेषा सगळं वेल्ड करूनच आण, नुसतं कम्बाइन केलं तर एकावर एक आलेल्या जागी भोकं पडतात आणि बेव्हल त्या भोकांना पण कडा देतं. फोटोशॉपमध्येच युनिकोड मराठी टाइप करत असशील आणि जोडाक्षरं तुटत असतील तर जुन्या व्हर्जनमध्ये प्रेफरन्सेसच्या टाइपमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवड आणि नवीन डॉक्युमेंट घे.

अक्षराला ५० टक्के ग्रे रंग दे, म्हणजे लाल, हिरवा, निळा तिन्हीकडं १२८ (पुढं रंगाचे तीन आकडे येतील ते याच क्रमानं). बेव्हल अँड एम्बॉसमध्ये इनर बेव्हल, टेक्निक चिझल हार्ड, डेप्थ १५० ते ३०० मधली, ग्लोबल लाइटची टिक काढ, अल्टिट्यूड ३० च्या आसपास. ग्लॉस कॉन्टूर लिनिअर ठेवू नकोस, रिंग किंवा रिंग-डबल घे आणि शेजारचं अँटी-अलायस्ड टिक कर. लिनिअरमध्ये उजेड हळूहळू कमी होत जातो, ते खडूनं शेड दिल्यासारखं मऊ दिसतं. रिंग घेतलं की उजेड-अंधार-उजेड असा पट्टा पडतो आणि पॉलिशची जाणीव त्यानंच येते, कारण पॉलिश केलेल्या धातूत उजळ पट्ट्याच्या अगदी बाजूला काळा पट्टा असतो आणि दोन्हींमधली धार कडक असते.

ही कडक धार मला फार महत्त्वाची वाटते. नव्या मुलांच्या कामात सगळे ग्रेडियंट लोण्यासारखे मऊ असतात आणि म्हणूनच चमक मरते. आपल्याकडचे जुने बोर्ड पेंटर आठव, एनॅमलच्या चार डब्यांत स्टीलची अक्षरं काढायचे, वर आकाशाचा निळसर पांढरा, मध्ये एकदम गडद पट्टा, खाली परत उजळ होत जाणारा रंग, आणि त्या गडद पट्ट्याची वरची रेघ ब्रशनं एका दमात ओढलेली असायची. ग्रेडियंटचं बटण नव्हतं तरी लांबून अक्षर चकाकायचं. हेच ग्रेडियंट ओव्हरलेमध्ये करायचं, अँगल ९०, स्टॉप (ग्रेडियंटच्या पट्टीवरचे रंगाचे खुंट) असे की वरच्या टोकाला मध्यम ग्रे, मध्याजवळ येईपर्यंत जवळजवळ पांढरं, आणि मग ५० टक्क्यांच्या जागेवर दोन स्टॉप एकमेकांना चिकटवून एकदम गडद, तिथून हळूहळू परत उजळ. दोन स्टॉप चिकटवले की कडक रेघ मिळते. तो ग्रेडियंट सगळ्या अक्षरांवर एकाच उंचीवर येणार, त्यामुळं शब्द एका ठिकाणी एकाच उजेडात उभा आहे असं वाटतं.

स्मार्ट ऑब्जेक्ट केल्यावर वर एक कर्व्हज लेयर क्लिप कर आणि सरळ रेषेची नागमोडी लाट कर, म्हणजे इनपुट ६४ ला आउटपुट १९० च्या आसपास, १२८ ला खाली ५०-६० वर, १९२ ला परत २४० पर्यंत. एकदम विचित्र दिसेल, घाबरू नकोस, पॉइंट थोडे इकडं तिकडं सरकवत बघ, एका जागी ते अचानक क्रोमसारखं दिसायला लागतं. लाट जेवढी जास्त तेवढा आरसा जास्त, लाट कमी केली की सॅटिन फिनिश. आणि १६ बिट का, तर अशी उभी लाट ८ बिटवर मारली की थोडेसेच टोन ताणले जातात आणि पट्टे पट्टे पडतात.

अजून खरं पाहिजे असेल तर प्रतिबिंबासाठी खरा फोटो वापर. आपल्याला त्यासाठी लांब जायला नको, संध्याकाळी रंकाळा तलावाच्या काठावरून समोरचा फोटो काढ, वर उजळ आकाश, मध्ये झाडं-इमारतींची काळी पट्टी, खाली उजळ पाणी, म्हणजे वर सांगितलेला ग्रेडियंटच आहे फक्त खरा. ब्लॅक अँड व्हाइट कर, थोडा गॉसियन ब्लर दे, अक्षरांवर क्लिप कर आणि ओव्हरले नाहीतर सॉफ्ट लाइटमध्ये २०-३० टक्क्यांवर ठेव. मग आपली ग्रे अक्षरं वेगळ्या पीएसडीत सेव्ह कर आणि फोटोच्या लेयरवर फिल्टर, डिस्टॉर्ट, डिस्प्लेस करून ती फाइल मॅप म्हणून दे. डिस्प्लेसमध्ये १२८ ग्रे असेल तिथं पिक्सेल हलत नाही, त्याहून गडद आणि उजळ भाग एकमेकांच्या उलट दिशांना सरकतात, म्हणून फोटो बरोबर अक्षराच्या उतारावर वाकतो. अंतर १० ते २० ठेव, जास्त केलं की फाटतं.

आता रंग. कलराइझ सोड. ते सगळ्या टोनला एकच ह्यू लावतं आणि जिथं पांढरं आहे तिथं पांढरंच ठेवतं, म्हणजे परत बादली. कलर ब्लेंड मोडमध्ये दुसराच त्रास आहे, तो खालची उजळी तशीच ठेवतो, आणि निळा रंग मुळात डोळ्याला गडद वाटणारा, त्याला जबरदस्तीनं उजळ केलं की दुधाळ होतो, तुझा निळा तसाच झालाय. मल्टिप्लाय खऱ्याच्या जवळ आहे, कारण धातू पण उजेडाला आपल्या रंगानं गुणतोच, पण त्यात सगळं काम अंधारतं, मग खालची ग्रे आधीच खूप उजळ लागते. मी ग्रेडियंट मॅपच वापरतो. अॅडजस्टमेंट लेयर म्हणून क्लिप कर, डिदर टिक कर. यात गडद टोनला कुठला रंग, मधल्याला कुठला, उजळाला कुठला हे आपल्या हातात राहतं.

सोन्याचं उदाहरण घेऊ कारण त्यात सगळं कळतं. सोन्याचा एकदाच परतलेला उजेड स्क्रीनवर साधारण २५५, २२६, १५५ येतो, म्हणजे बघायला गेलं तर फिकट साय-पिवळा, हा आकडा बघून नवीन माणूस म्हणतो हे कसलं सोनं. पण साजाच्या मण्यांच्या खाचेत किंवा ठुशीच्या दोन गोल मण्यांच्या मध्ये बघ, तिथं रंग एकदम भगव्याकडं झुकलेला असतो. कारण उजेड एका मण्यावरून दुसऱ्यावर आपटून मग डोळ्यात येतो, दोनदा परतला की निळा ३४ टक्क्यांच्या ३४ टक्के उरतो, म्हणजे ११-१२ टक्के फक्त. दोनदा परतलेल्या सोन्याचा रंग साधारण २५५, २०१, ९५ आणि तीनदा परतलेल्याचा २५५, १७९, ५५. म्हणून सोन्याची सावली म्हणजे पिवळ्यात काळा मिसळून हिरवट केलेला रंग नाही, ती नारिंगी आणि पुढं तांबूस तपकिरी होत जाते. पिवळ्यात काळा मिसळला की शेवाळी हिरवा येतो आणि फ्लेक्सवर दिसणारं बरंचसं सोनं त्यामुळंच आजारी दिसतं.

मग ग्रेडियंट मॅप असा: ० वर ३५, १४, ४. ३० टक्क्यांवर १३०, ६२, १०. ५५ वर २३५, १५५, ४५. ७५ वर २५५, २०१, ९५. ९० वर २५५, २२६, १५५. आणि १०० वर २५५, २४६, २१८, पूर्ण पांढरं नाही. शेवटचा स्टॉप पांढरा केला की लगेच पिवळं प्लास्टिक होतं, करून बघ आणि परत मागं घे, डोळ्याला फरक कळेल.

निळ्या-लालचा प्रकार वेगळा. निसर्गात मोरपंखी निळा धातू नाही. बाइकला जे लाल-निळे चकचकीत बोल्ट लावतात ते अॅनोडाइज्ड अॅल्युमिनियम असतं, अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा सच्छिद्र थर वाढवतात, त्यात रंग मुरवतात आणि छिद्रं बंद करतात. गाडीच्या टाकीवरचा कँडी कलर पण तसाच, खाली चंदेरी बेस, वर पारदर्शक रंग, वर क्लिअर कोट. दोन्हीकडं उजेड रंगाच्या थरातून आत जातो, धातूवर आपटून परत त्याच थरातून बाहेर येतो, म्हणून रंग एवढा खोल वाटतो. आणि सगळ्यात वरच्या पारदर्शक पृष्ठभागावरून ती ४ टक्क्यांची पांढरी चमक पण येते. म्हणजे इथं दोन चमका आहेत, एक रंगीत आणि मोठी, दुसरी पांढरी आणि बारीक, आणि दोन्ही वेगवेगळ्या लेयरवर पाहिजेत.

निळ्याला ० वर २, ६, २०. ३५ वर ०, ५०, ११५. ६५ वर ०, १२०, २००. ८५ वर ९०, १९५, २३५. १०० वर २२०, २४४, २५५. बघ, गडद बाजूला नेव्ही आणि उजळ बाजूला आकाशी-हिरवटकडं सरकवलंय, मोरपंखी झाक त्या सरकण्यातून येते. लालला ० वर २०, ०, ४, मग ११०, ०, १४, मग २०५, १६, ३०, मग २५५, ११०, ९०, शेवटी २५५, २२८, २१५, म्हणजे उजळाकडं जाताना गुलाबी होऊ द्यायचं नाही, नारिंगीकडं न्यायचं. लाल मेटल गुलाबी झालं की त्याचा सगळा रुबाब जातो. हिरव्याची सावली निळ्याकडं ढकल आणि उजेड पोपटीकडं.

मग पांढरी चमक. अक्षराचं सिलेक्शन घे, कॉन्ट्रॅक्टनं ५-६ पिक्सेल आत घे, नवीन लेयरवर वरच्या भागात पांढरी बारीक पट्टी काढ जिची खालची कड कडक असेल, स्क्रीन मोड, ऑपॅसिटी १५ ते २५ टक्के. बास. ही लेयर ग्रेडियंट मॅपच्या वर पाहिजे, खाली ठेवलीस तर ती पण रंगते. सोनं, पितळ, तांब्याला ही लेयर द्यायचीच नाही, त्यावर वार्निश नाही. आणि कोपऱ्याकोपऱ्यावर चांदण्या मारायचा जो प्रकार आहे तो कृपा करून टाळ. फार तर अख्ख्या शब्दात एकच, तीही जिथं कडा खरंच उजेडाकडं वळलीय तिथंच.

ब्रश फिनिश पाहिजे असेल, म्हणजे राजारामपुरीतल्या शोरूमच्या पाट्यांवर स्टीलची कट अक्षरं असतात तसं, तर समोरचा सपाट भाग आणि कडेचा उतार वेगळे कर. समोरच्या भागाला घासलेलं टेक्श्चर आणि उताराला पॉलिश, या फरकानं खूप जीव येतो. टेक्श्चरसाठी ५० टक्के ग्रेची लेयर, अॅड नॉइज, गॉसियन, मोनोक्रोमॅटिक, मग मोशन ब्लर अँगल ०, अंतर २००-३००. डाव्या-उजव्या कडेला ब्लर खराब येतो म्हणून लेयर मोठी करून कडा कॅनव्हासच्या बाहेर घालव. सॉफ्ट लाइटमध्ये ठेव. इथं एक गोष्ट खूप जण चुकवतात, आडवं घासलेल्या पत्र्यावर उजेडाचा पट्टा उभा पडतो, चरे ज्या दिशेचे त्याच्या काटकोनात. म्हणजे आडव्या ब्रशला उभे पट्टे असलेला ग्रेडियंट द्यायचा. उद्यमनगरात लेथवर फेसिंग मारलेला जॉब, म्हणजे तोंड सपाट कातलेला लोखंडी तुकडा, हातात घेऊन फिरवून बघ, चरे गोल आहेत आणि उजेड मात्र मध्यातून बाहेर दोन्ही बाजूला पंख्यासारखा उघडतो, तुम्ही जॉब फिरवला तरी पंखा जागचा हलत नाही. बॅजच्या किंवा नाण्याच्या डिझाइनला तेच करायचं, नॉइजवर रेडियल ब्लर स्पिन आणि वर अँगल ग्रेडियंट, उजळ-गडद-उजळ-गडद असा, आणि पहिला-शेवटचा स्टॉप सारखा, नाहीतर मध्ये शिवण दिसते.

फोटोशॉप नसेल तर अडत नाही. जिंप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये कर्व्हज, ग्रेडियंट मॅप, बंप मॅप, डिस्प्लेस सगळं आहे, आणि २०२५ मध्ये आलेल्या ३.० पासून फिल्टर लावल्यावर नंतरही बदलता येतात, तो मोठा फायदा झाला. फोटोपी ब्राउझरमध्ये चालतं, पीएसडी उघडतं आणि लेयर स्टाइल पण वाचतं, साध्या कॉम्प्युटरवर तुझं काम होऊन जाईल.

प्रिंटचं मात्र आधीच डोक्यात ठेव. स्क्रीन उजेड सोडते, फ्लेक्स सोडत नाही, आणि तुझा मोरपंखी निळा सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांत, पहिल्यांदा मरतो. काम आरजीबीतच, म्हणजे स्क्रीनच्या रंगांतच कर पण मधून मधून कंट्रोल वाय दाबून प्रूफ, म्हणजे छापल्यावर कसं दिसेल ते, बघत जा. जो निळा विझतोय त्याची सावली अजून गडद कर, रंग वाढवून उपयोग नाही, चकाकी शेजारच्या काळ्यावर उभी असते. १० फुटी फ्लेक्सवर ग्रेडियंटचे पट्टे दिसू नयेत म्हणून सगळं झाल्यावर फ्लॅट कॉपीवर १-२ टक्के नॉइज टाक, लांबून दिसत नाही. आणि गिऱ्हाईक पत्रिकेवर किंवा व्हिजिटिंग कार्डवर 'खरंच चमकायला पाहिजे' म्हणालं तर यातलं काहीच द्यायचं नाही, तिथं फॉइल मारायचं किंवा ८७७ सारखी पँटोनची (तयार छपाई रंगांची कंपनी) मेटॅलिक शाई घ्यायची. फॉइलला ग्रेडियंट, बेव्हल, शेड काही चालत नाही, अक्षरांची सपाट काळी व्हेक्टर फाइल लागते आणि बारीक रेघा जरा जाड कराव्या लागतात. म्हणून मूळ अक्षरं व्हेक्टरमध्ये वेगळी सेव्ह करून ठेव, फ्लेक्सची ऑर्डर झाली की आठवड्यात कुणीतरी त्याच नावाची पत्रिका घेऊन येतंच.